नस बंद, पाय चालू

पोटरीवर हिरव्या-निळ्या नसा वेटोळी घालून वर आल्या की घरातलं प्रत्येक माणूस वैद्य होतं. सासूबाई म्हणतात, कोमट तेल चोळ. शेजारच्या काकू म्हणतात, पाय उशीवर टाकून पडून राहा. मग माणूस खऱ्या डॉक्टरकडे जातं आणि तो भलतंच सांगतो: या नसेत इंजेक्शन देऊ, ती कायमची बंद करू, आणि टेबलावरून उतरल्या उतरल्या तुम्ही अर्धा तास चालायचं. चोळायचं नाही, पडायचं तर अजिबात नाही.

व्हेरिकोज व्हेन्सवरच्या या उपचाराचं नाव स्क्लेरोथेरपी. त्यात जवळजवळ सगळं आपल्या अंदाजाच्या उलट चालतं, म्हणून त्याच्या गोष्टी मजेच्या आहेत.

मग रक्त जाणार कुठून?

हा प्रश्न प्रत्येक पेशंट विचारतो आणि विचारायलाच हवा. पायातलं सुमारे ९० टक्के रक्त स्नायूंच्या आत दडलेल्या खोल शिरांतून वर जातं. कातडीखालच्या ज्या शिरा आपल्याला दिसतात त्या तुलनेने किरकोळ वाटा उचलतात. फुगलेली शीर तर कामाचीच उरलेली नसते, तिच्यातलं रक्त वर जायच्या ऐवजी खाली घसरतं आणि चांगल्या शिरांवर जादा बोजा टाकतं. ती बंद केली की रक्त मुकाट्याने दुसरी वाट धरतं.

एकच अट: ती दुसरी वाट मोकळी हवी. पूर्वी कधी खोल शिरेत गुठळी होऊन ती तुंबलेली असेल, तर वरची फुगलेली शीरच पायाचा आधार असू शकते. म्हणून आधी डॉपलर सोनोग्राफी, मग सुई. पाय नुसता बघून त्याच बैठकीत इंजेक्शन द्यायला निघालेल्या माणसापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

उभं राहण्याची किंमत: ९०

स्तब्ध उभं राहिलात की घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत चढतो. हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या उभ्या स्तंभाचं ते वजन. चालायला लागा, आणि तोच दाब २०-३० पर्यंत उतरतो, कारण प्रत्येक पावलाला पोटरीचा स्नायू आवळतो आणि शिरेतलं रक्त वर पिळून काढतो. पोटरीला ‘दुसरं हृदय’ म्हणतात ते उगीच नाही.

म्हणून वैर चालण्याशी नाही, नुसतं उभं राहण्याशी आहे. ओट्याशी तासन्‌तास उभी राहणारी बाई, चौकातला वाहतूक पोलीस, फळ्यासमोरचे मास्तर, सलूनमधला कारागीर, हे सगळे या आजाराचे नेहमीचे धनी. आणि हो, शस्त्रक्रिया करणारे सर्जनही. त्यात घराण्याकडून आलेला वारसा आणि बायकांच्या बाबतीत बाळंतपणं यांची भर पडते.

जिराफाचे पाय आपल्यापेक्षा कितीतरी लांब, तरी त्याचे घोटे सुजत नाहीत. त्याच्या पायाची कातडी इतकी घट्ट आवळलेली असते की पाणी झिरपून साठायला जागाच उरत नाही. निसर्गाने त्याला जन्मजात प्रेशरचे मोजे दिले आहेत. आपल्याला ते दुकानातून आणावे लागतात.

झडपांनी लावलेला शोध

शिरांच्या आत एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात. त्या सैलावल्या की रक्त मागे येतं, शीर फुगते, आणि फुगली की झडपेची दोन पाती एकमेकांपासून आणखी लांब जातात. दुष्टचक्र म्हणतात ते हेच.

या झडपांवर १६०३ साली पादुआच्या फाब्रिसियसने सचित्र पुस्तक काढलं. पण त्या कशासाठी आहेत हे त्याला उमगलं नाही. रक्त हातापायांकडे एकदम धावू नये म्हणून हा अडसर आहे, असा त्याचा समज होता. त्याच्या हाताखाली शिकलेल्या विल्यम हार्वी या इंग्रज विद्यार्थ्याने प्रश्न उलटा केला: झडपा फक्त हृदयाच्या दिशेने उघडत असतील तर रक्तही त्याच दिशेने जात असणार. १६२८ मध्ये हार्वीचं पुस्तक आलं आणि रक्त शरीरात फिरतं हे जगाला कळलं. पायातल्या ज्या झडपा नादुरुस्त झाल्या म्हणून आपण कुरकुरतो, त्यांचा वैद्यकशास्त्रावर एवढा उपकार आहे.

सेनापती म्हणाला, दुसरा पाय राहू दे

दुखणं जुनंच. इ.स.पू. १५५० च्या सुमाराच्या एबर्स पपायरसमध्ये इजिप्शियन वैद्य सापासारख्या वळणांच्या शिरांना हात लावू नका म्हणून बजावतात. सुश्रुतसंहितेत ‘सिराज ग्रंथी’चं वर्णन आहे, ते आजचे वैद्य या आजाराशी जोडतात. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी सापडलेल्या इ.स.पू. चौथ्या शतकातल्या एका शिल्पफलकावर माणूस हातात एक भलामोठा पाय धरून उभा आहे आणि त्या पायावर फुगलेली शीर स्पष्ट कोरलेली आहे. देवाला केलेला नवस फेडायला आणलेला तो पाय.

पण या सगळ्यांत बाजी मारतो रोमन सेनापती गायस मारियस. सात वेळा कॉन्सल झालेला हा गडी. त्याची गोष्ट प्लुटार्कने सांगितली आहे. दोन्ही पायांच्या शिरा फुगलेल्या. त्या काळी भूल नव्हती, शीर थेट कापून काढायची, आणि पेशंटला बांधून ठेवायचं. मारियसने बांधून घ्यायला नकार दिला, हूं की चूं न करता एका पायाच्या शिरा कापू दिल्या. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र त्याने हात आडवा केला. एवढ्या यातनेच्या मोबदल्यात हा फायदा परवडत नाही, असा त्याचा हिशेब. तो चुकला असं कोण म्हणेल!

लोखंड, आर्सेनिक आणि माशाचं तेल

शिरेत औषध टोचायचं तर टोचायला काहीतरी हवं. १८५३ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनच्या प्रावाझने एक बारीक पिचकारी वापरात आणली, ती रक्त गोठवणारं फेरिक क्लोराइड, म्हणजे लोखंडाचा क्षार, रक्तवाहिनीत सोडण्यासाठीच. थोड्याच काळात ते व्हेरिकोज व्हेन्समध्येही टोचलं जाऊ लागलं. म्हणजे आज ताप-खोकल्याला सर्रास दिसणारी सिरिंज आणि आपला हा उपचार एकाच घरात वाढले.

औषध मात्र जहाल होतं. जखमा चिघळायच्या, जंतुसंसर्ग व्हायचा, आणि निर्जंतुक सुई ही कल्पनाच अजून रुजली नव्हती. १८९४ च्या वैद्यकीय परिषदेत या पद्धतीला चक्क बाद ठरवण्यात आलं. परिषद कुठे भरली होती? लिऑनमध्येच.

तिचा पुनर्जन्म झाला तो एका वेगळ्याच आजारामुळे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सिफिलिसवर आर्सेनिक आणि पाऱ्याची औषधं शिरेतून देत असत. ज्या शिरेत सुई जायची ती शीर काही दिवसांनी कडक होऊन बंद पडायची. फ्रान्समध्ये सिकार आणि जर्मनीत लिन्सर, दोघांच्याही मनात तोच विचार आला: हा दुष्परिणामच औषध म्हणून वापरला तर? दोन्ही देश एकमेकांवर तोफा डागत होते आणि त्यांचे डॉक्टर एकच गोष्ट टिपत होते.

मग जे सुचेल ते टोचून झालं. सोडियम सॅलिसिलेट, तीव्र मिठाचं पाणी, १९३० च्या सुमारास तर कॉड माशाच्या यकृताच्या तेलापासून केलेला क्षार. मिठाच्या पाण्याने पाय असा काही कळवळायचा की मारियस पुन्हा एकदा आठवावा.

साबण आणि फसलेली भूल

आज मुख्यतः दोन औषधं वापरतात आणि दोन्ही जातीने साबण आहेत, म्हणजे डिटर्जंट.

सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे १९४० च्या दशकापासून वापरात आहे. ते शिरेच्या आतलं नाजूक अस्तर धुऊन काढतं. अस्तर गेलं की भिंती सुजतात, एकमेकींना चिकटतात, आणि काही महिन्यांत त्या जागी तंतूंची बारीक दोरी उरते. तीही शरीर हळूहळू पचवतं.

दुसरं पॉलिडोकॅनॉल, आणि याची कथा जास्त गोड. ते मुळात जागा बधिर करण्याचं औषध म्हणून पुढे आलं. अडचण एकच होती, त्याने शिरा बंद पडायच्या. भूल म्हणून नापास झालं, पण शिरांच्या डॉक्टरांना अशी वस्तू मिळाली जी शीरही बंद करते आणि टोचताना फारसं दुखवतही नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला २०१० मध्ये मान्यता दिली, तोवर युरोपात ते कित्येक वर्षं रुळलेलं होतं. खाज कमी करणाऱ्या काही मलमांतही तेच असतं.

हवा टोचली तर माणूस मरतो ना?

सिनेमात खलनायक रिकामी सिरिंज घेऊन दवाखान्यात शिरतो, हे बघतच आपण मोठे झालो. इथे डॉक्टर उघड उघड हवा घालतो.

कारण असं: द्रव औषध मोठ्या शिरेत गेलं की रक्तात मिसळून पातळ होतं. तेच औषध फेसाच्या रूपात गेलं तर ते रक्ताला पुढे ढकलतं, शिरेच्या भिंतीला सगळीकडून लागतं आणि थोड्या औषधात काम होतं. १९४४ मध्ये ऑर्बाक यांनी औषधाच्या आधी थोडी हवा सोडून रक्त बाजूला सारायची युक्ती मांडली. १९९० च्या दशकात स्पेनच्या काब्रेरांनी बारीक बुडबुड्यांचा फेस वापरला. आणि २००० साली इटलीच्या लोरेन्झो तेस्सारींनी जी पद्धत दाखवली ती जगभर पसरली, कारण तिला यंत्रच लागत नाही. दोन सिरिंज, मध्ये तीन तोंडांची एक प्लास्टिकची चावी, एक भाग औषध, चार भाग हवा, आणि वीसेक वेळा इकडून तिकडे घुसळायचं. दाढीच्या क्रीमसारखा दाट पांढरा फेस तयार. तो दोनेक मिनिटांत विरू लागतो, म्हणून ताजा करायचा आणि लगेच टोचायचा. सोनोग्राफीच्या पडद्यावर तो लख्ख चमकतो आणि कुठवर पोचला ते दिसतं.

बुडबुडे इतके बारीक आणि मात्रा इतकी कमी, की फुप्फुसात ते गाळले जातात. एका बैठकीत सुमारे १० मिलिलिटरच्या पुढे जाऊ नये, असं युरोपातल्या तज्ज्ञांनी जर्मनीतल्या टेगर्नझे इथे बसून ठरवलं. तरी एक गंमत लक्षात ठेवा. दर चार माणसांत एकाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मापासूनची एक बारीक फट उघडी राहिलेली असते आणि त्याला ते आयुष्यभर ठाऊकही नसतं. त्या फटीतून काही बुडबुडे मेंदूकडे जाऊ शकतात. शंभरात एखाद्याला फेसाच्या इंजेक्शननंतर डोळ्यांपुढे नागमोडी रेघा किंवा अंधारी येते ती बहुधा त्यामुळे. थोड्या वेळात जाते. पण तुम्हाला मायग्रेन असेल किंवा हृदयात छिद्र असल्याचं कधी कुणी सांगितलं असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, नंतर नको.

उठा, चाला

प्रत्यक्ष प्रकार अर्ध्या तासाचा. भूल नाही, टाके नाहीत, कोळ्याच्या जाळीसारख्या बारीक शिरांना तर केसाएवढी सुई. थोडी चुरचुर होते. फेस गेल्यावर डॉक्टर पाऊल वर-खाली हलवायला सांगतात, म्हणजे चुकून खोल शिरेत गेलेला फेस तिथून धुतला जातो. मग पट्टी किंवा मोजा, आणि चाला.

या चालण्यामागे डब्लिनच्या जॉर्ज फेगन यांचं डोकं आहे. १९६३ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपली रीत मांडली: रिकाम्या शिरेत इंजेक्शन द्यायचं, वरून सतत घट्ट पट्टी बांधायची आणि पेशंटला रोज चालवायचं. त्यामागचा विचार आजही तोच आहे. आपण एका शिरेला मुद्दाम इजा केली आहे, तिथे रक्त गोठणार आहे. ते गोठणं तिथेच थांबावं, खोल शिरेत पसरू नये, म्हणून खोल शिरांतलं रक्त पळतं ठेवायचं. पळतं ठेवणारा पंप एकच, पोटरी.

आता आपल्याकडची गंमत बघा. पेशंट घरी येतो आणि चाळभर बातमी पसरते की पायाचं ‘ऑपरेशन’ झालं. लोक भेटायला येतात, पाय लांब करून बसवतात, उठू देत नाहीत. या प्रेमाला हात जोडून नकार द्यायचा. घरकाम, ऑफिस, भाजीबाजार बहुतेकांना दुसऱ्या दिवसापासून जमतं. काही दिवस टाळायचं ते एवढंच: कढत पाण्याची आंघोळ, वाफ, जिममध्ये वजनं उचलणं, एका जागी ताटकळणं, लांबचा विमानप्रवास. आणि हो, तेल चोळणं. आत गोठलेलं रक्त असताना वरून मालीश करण्यात शहाणपण नाही. अभ्यंगाचा मोह दिवाळीत असला तरी.

तलावात उभा राहिलेला इंजिनिअर

प्रेशरच्या मोज्यांना अनेक पेशंट कंटाळतात, विशेषतः मे महिन्यात नागपूरला. या मोज्यांचा जन्म मात्र थंडगार पाण्यात झाला. अमेरिकेतल्या टोलेडोचे कॉनराड जॉब्स्ट हे मेकॅनिकल इंजिनिअर स्वतः शिरांच्या दुखण्याने बेजार होते. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायाला आराम पडतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. इंजिनिअरच तो, कारण शोधलं: पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणजे घोट्याला सर्वांत जास्त आणि वर वर कमी. हाच उतरता दाब त्यांनी कापडात विणला. आजचे मोजे त्याच तत्त्वावर आहेत.

किती दिवस घालायचे? इथे डॉक्टरांचं एकमत नाही. फेगन सहा आठवडे म्हणत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शिकेत उपचारानंतर सात दिवसांपलीकडे मोजे देऊ नका, असं म्हटलं. तुमचा डॉक्टर मधलंच काहीतरी सांगेल, तेच ऐका. घालायचे ते सकाळी, पाय सुजण्याआधी. हातात रबरी हातमोजे घातले की कापड सरकवणं फार सोपं होतं आणि नख लागून ते फाटतही नाही. मधुमेही आणि जुन्या धूम्रपान करणाऱ्यांनी मात्र आधी पायातला शुद्ध रक्ताचा पुरवठा तपासून घ्यावा. तोच कमी असेल तर घट्ट मोजा घात करतो.

आधी बिघडतं, मग सुधारतं

दुसऱ्या आठवड्यात आरशात पाय बघून पेशंट हमखास घाबरतो. पैसे देऊन पाय आणखी वाईट झाला! काळंनिळं पडलेलं असतं, शिरेच्या जागी टणक दोरी लागते, कुठे दुखरी गाठ. ही गाठ म्हणजे बंद शिरेत अडकलेलं जुनं रक्त. डॉक्टर बारीक सुईने ते काढून टाकतात आणि पाय लगेच हलका वाटतो. घरी सुई टोचायची नाही.

काहींच्या कातडीवर तपकिरी रेघ उमटते. ते लोखंड आहे, फुटलेल्या लाल पेशींतलं. प्रावाझ लोखंड टोचत होता, आज शरीर आपणहून ते मागे ठेवतं. बहुतेक डाग सहा महिने ते वर्षभरात फिके होतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर ते जास्त उठून दिसतात, तेव्हा काही आठवडे पायावर थेट ऊन घेऊ नका. कधीकधी इंजेक्शनच्या आसपास लालसर केसांसारख्या नव्या नसांचा पुंजका दिसतो. तोही बहुधा आपोआप मावळतो.

बारीक जाळी जायला तीन ते सहा आठवडे, मोठ्या शिरेला तीन-चार महिने. एका बैठकीत सगळं आटपेल असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि दुसरं मत घ्या. आणि घराण्याचा कल इंजेक्शनने जात नाही, काही वर्षांनी दुसऱ्या जागी नवी शीर डोकं वर काढू शकते. गरोदरपणी मात्र हा उपचार करत नाहीत. त्या काळात फुगलेल्या बऱ्याच नसा बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपणहून ओसरतात, धीर धरलेला परवडतो.

गंमत बाजूला ठेवायची वेळ एकच: अख्खी पोटरी सुजून ठणकायला लागली, दम लागला, छातीत दुखलं, बोलताना जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, तर उद्याची वाट न बघता रुग्णालय गाठा. असं क्वचित होतं, पण होतं. इंजेक्शनच्या जागी कातडी काळी पडून जखम होऊ लागली तरी डॉक्टरांना लगेच दाखवा.

मूळव्याधीचा चुलतभाऊ

‘मूळव्याधीचं इंजेक्शन’ आपल्याकडे गावोगावी ठाऊक आहे. बदामाच्या तेलात मिसळलेलं फिनॉल टोचून मोड आकसवणं ही याच कल्पनेची दुसरी शाखा. यकृत बिघडल्यावर अन्ननलिकेत फुगणाऱ्या शिरांनाही दुर्बिणीतून असंच इंजेक्शन द्यायला १९३९ मध्ये स्वीडनमध्ये सुरुवात झाली.

उलटी लावलेली शीर

घोट्याच्या आतल्या बाजूपासून जांघेपर्यंत जाणारी मोठी सॅफेनस शीर ही शरीरातली सर्वांत लांब शीर, आणि व्हेरिकोज व्हेन्सची सर्वांत मोठी गुन्हेगार. १९६७ मध्ये क्लीव्हलंडमध्ये अर्जेंटिनाचे सर्जन रेने फावालोरो यांनी हीच शीर पायातून काढून हृदयाच्या तुंबलेल्या रोहिणीला वळसा म्हणून लावली आणि बायपास शस्त्रक्रियेचा रस्ता खुला केला. लावताना ती उलटी फिरवावी लागते, नाहीतर तिच्या झडपा रक्ताला पुढे जाऊच देणार नाहीत. तेव्हा काही पेशंट विचारतात, आज नस बंद केली आणि उद्या बायपास करायची वेळ आली तर? वेडीवाकडी फुगलेली शीर बायपासला सहसा चालतच नाही. सर्जन दुसऱ्या पायाची घेतो, नाहीतर हातातली किंवा छातीतली रोहिणी वापरतो. तरी हृदयाचा त्रास असेल तर पायाच्या डॉक्टरला तो सांगून ठेवायचा, म्हणजे चांगली शीर कुठली आणि बंद करायची कुठली याची निवड डॉपलरच्या टेबलावरच होते.